दादरा, बूच आणि पुडी

१ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यात माशावर बंदी आली. खरा मासा नव्हे, प्लॅस्टिकचा. सुशी नावाच्या जपानी पदार्थाबरोबर सोया सॉस द्यायला बोटभर लांबीची, माशाच्या आकाराची कुपी देतात. तिच्या तोंडाशी इवलंसं फिरकीचं टोपण असतं. टोपण, झाकण किंवा बूच असलेली आणि ३० मिलिलिटरपेक्षा कमी सॉसची अशी मासोळी आता तिथे देता येत नाही. बातमी वाचून मला हसू आलं. मग पुढची ओळ वाचली आणि मी विचारात पडले. तोच सॉस पुडीतून दिला तर चालतो!

आता बघा, ही मासोळी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिथिनची. वितळवून पुन्हा वापरता येईल अशी. तिचा गुन्हा एवढाच की ती फार लहान आहे. कचरा निवडणाऱ्या यंत्रातून ती निसटते आणि गटारातून समुद्राकडे जाते. पुडीही तेवढीच लहान, शिवाय निरनिराळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवून केलेली. ते थर सोडवणं जवळजवळ अशक्य. तरी सुळावर गेली मासोळी आणि पुडी सुटली.

मी तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या सगळं शिकवलं, पण बाटलीच्या झाकणाला पाठ्यपुस्तकात जागा नव्हती. लोणची आणि सॉस यांच्यावर लिहिणारेही मसाल्यांबद्दल भरभरून लिहितात, झाकणाबद्दल कोणी लिहीत नाही. मला मात्र अलीकडे वाटू लागलं आहे की रिकाम्या भांड्याचं पुढे काय होणार, ते पुन्हा भरलं जाणार, भंगारात विकलं जाणार की उकिरड्यावर पडणार, हे पुष्कळदा त्याच्या तोंडावर काय बसवलंय त्यावरून ठरतं.

आमच्या लहानपणी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधत. आजच्या मुलांना दादरा म्हटलं की गाण्यातला ताल आठवेल, हा दादरा वेगळा. जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेलं फडकं. बरणीवर चिनी मातीचं झाकण ठेवायचं, त्यावर हे फडकं घालायचं आणि गळ्याशी सुतळीनं आवळायचं. त्यानं धूळ, मुंग्या, माश्या अडत. हवा काही पुरती अडत नसे. ते काम तेलाचं. लोणच्यावर तेलाचा थर तरंगत असायचा, तेच खरं झाकण. मीठ, आंबटपणा आणि तेल यांनी लोणचं टिकायचं, दादरा नुसता पहारेकरी.

बरणीला हिंदी-उर्दूत मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशातल्या मर्तबान या बंदरावरून हे नाव आलं (आजचं मोत्तमा). चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता यानं आपल्या प्रवासवर्णनात या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. समुद्रप्रवासाला निघताना त्याला मिळालेल्या भेटींत आलं, मिरी, लिंबू आणि आंबा मिठात मुरवून भरलेले मर्तबान होते. म्हणजे आंब्याच्या लोणच्याची बरणी सहाशे वर्षांहून आधी बोटीवर चढली होती. इब्न बतूतानं सुलतानांची, काझींची, लग्नांची इतकी वर्णनं केली आहेत, पण मला त्याचा हा एक उल्लेख फार आवडतो.

लोणचं संपल्यावर त्या बरणीचं काय होई? काही नाही. धुवायची, उन्हात ठेवायची आणि पुन्हा भरायची. टवका उडाला तर ती मिठाची बरणी व्हायची. दादरा जीर्ण झाला तर त्याचं हातपुसणं. टाकायची वेळच येत नसे.

पण मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. लोणच्याला बुरशी यायची, वर्षाची बेगमी वाया जायची आणि त्याचा ठपका घरातल्या बाईवर यायचा. चार दिवस बाजूला बसलेल्या बाईनं बरणीला शिवायचं नाही, शिवली तर लोणचं नासतं, हे ऐकतच मी वाढले. ओला चमचा बरणीत घालणाऱ्या पुरुषांना कोणी काही बोलल्याचं मात्र आठवत नाही. असो.

घरातली बरणी घरात राहते तोवर दादरा पुरतो. माल विकायचा, आगगाडीनं किंवा बोटीनं लांब पाठवायचा म्हटलं की तोंड पक्कं बंद करणं आलं. फ्रान्समध्ये निकोला आपेर या हलवायानं काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट ठोकून, वर तार आवळून त्या बाटल्या पाण्यात उकळल्या. १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले, अट एवढीच की कृती पुस्तकरूपानं जाहीर करायची. अन्न का टिकतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ते लुई पाश्चरनं पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. पण बूच नीट बसलं नाही तर सगळं व्यर्थ, हे आपेरला पक्कं कळलं होतं.

लाकडी बूच एकदा उपसलं की पुन्हा तसं बसत नाही. ही अडचण अमेरिकेतल्या जॉन मेसन या पत्रेकाम करणाऱ्या माणसानं सोडवली. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी त्यानं काचेच्या बरणीच्या गळ्यावर आटे पाडण्याचं पेटंट घेतलं. त्या आट्यांवर जस्ताचं झाकण फिरवून बसवायचं. आज आपण जी कुठलीही बरणी फिरवून उघडतो तिचा हा पणजोबा. त्यात एक खोट होती. आंबट पदार्थ जस्ताला लागला की चव बिघडायची. आपल्याकडे बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार कळकतं, तसंच. तेव्हा दहाएक वर्षांनी झाकणाला आतून पांढऱ्या काचेची चकती बसवू लागले. बरणी, झाकण, चकती सगळं सुटं, सगळं धुऊन पुन्हा वापरण्याजोगं. मेसन स्वतः मात्र गरिबीतच वारला, १९०२ मध्ये.

नंतर आलं सोड्याच्या बाटलीचं दातेरी बूच. आम्ही मुलं ते ठोकून चपटं करून, दोन भोकं पाडून, दोरा ओवून भिंगरी करत असू. हे बूच बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचं, पेटंट १८९२ चं. पत्र्याची टोपी आणि आत बुचाच्या सालीची पातळ चकती. एकदाच वापरायचं, उघडताना वाकतं, मग टाकून द्यायचं. या पेंटरच्या कंपनीत एक फिरता विक्रेता होता. त्याला पेंटरनं सल्ला दिला की असं काहीतरी शोधून काढ जे लोक एकदा वापरून टाकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील. त्या विक्रेत्याचं नाव किंग जिलेट. त्यानं पुढे दाढीचं पातं काढलं. आपल्या घरोघरच्या दाढीच्या पात्याचं मूळ असं बाटलीच्या बुचात आहे! वापरा आणि फेका ही कल्पना कारखानदारीत कुठून शिरली याचा शोध घेणाऱ्यांनी या दोघांच्या गप्पांकडे जरूर लक्ष द्यावं.

तरी एक गोष्ट ध्यानात घ्या. बूच फेकायचं होतं, बाटली नव्हे. बाटली परत येत असे. काच महाग होती. आपल्याकडे तर काच बनवणं हे राष्ट्रकार्य होतं. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. पुढे कराडजवळ ओगल्यांचा कारखाना आला, त्यांचा प्रभाकर कंदील माझ्या पिढीनं अभ्यासाला वापरला आहे. अशा काळात रिकामी बाटली म्हणजे पैसे होते. मुंबईत बाटल्यांच्या धंद्यावरून पारशी कुटुंबांचं आडनावच बाटलीवाला पडलं. दुपारी गल्लीत डबा-बाटलीवाल्याची हाक आली की आई माळ्यावरच्या बाटल्या काढायची. लोणच्याची, सॉसची, औषधाची, सगळ्या. झाकण हरवलेलं असलं तरी तो घ्यायचा. त्या बाटल्यांत पुढे फिनेल, काकवी, घाण्याचं तेल, काहीही भरून पुन्हा विकायला येई.

आता टोमॅटो सॉसकडे वळते, कारण आपण सॉस म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तोच येतो. अमेरिकेतल्या हेन्री हाइन्झनं १८६९ मध्ये धंदा सुरू केला तो किसलेल्या हॉर्सरॅडिशचा. मुळ्यासारखं तिखट कंद असतं ते. इतर विक्रेते हिरव्या-तपकिरी बाटल्यांत माल भरत, म्हणजे आतली भेसळ दिसू नये. यानं पारदर्शक काच वापरली. मध्ये दिवाळं निघालं, त्यातून सावरून १८७६ मध्ये केचअप काढलं. पारदर्शक बाटलीचा एक तोटा होता. हवा लागली की वरचा सॉस काळपट पडायचा आणि तो गिऱ्हाइकाला दिसायचा. म्हणून बाटलीचा गळा निमुळता ठेवला, हवेशी कमीत कमी सॉस भिडावा. तरी गळ्याशी काळं वर्तुळ दिसेच, ते झाकायला गळ्यावर कागदाची पट्टी चिकटवली. आजही त्यांच्या काचेच्या बाटलीच्या गळ्याशी पट्टी असते, ती शोभेची नव्हे, मूळची लपवाछपवीची!

त्याच सुमारास सॉसमध्ये बेन्झोएट घालून टिकवावा की नाही यावर अमेरिकेत मोठं वादळ उठलं होतं. १९०६ मध्ये तिथे अन्नभेसळीविरुद्ध कायदा झाला. हाइन्झनं बेन्झोएट सोडून व्हिनेगर आणि साखर वाढवली, पिकलेले टोमॅटो वापरले. त्यानं सॉस टिकला, पण दाट झाला. आता दाट सॉस आणि निमुळता गळा! बाटली उलटी करा, काही येत नाही. बुडावर थापट्या मारा, आणि मग एकदम अर्धी बाटली ताटात. हा अनुभव कोणाला नाही? सॉस हलवला, दाबला की पातळ होतो आणि स्वस्थ ठेवला की धरून बसतो, असा त्याचा स्वभाव.

थापट्यांचा हा त्रास काढून टाकायला म्हणून १९८३ मध्ये दाबायची प्लॅस्टिकची बाटली आली. साधं प्लॅस्टिक हवा आत सोडतं, म्हणून तिच्या भिंतीत वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर दिलेले. गिऱ्हाइकं खूश झाली आणि भंगारवाले हवालदिल. थर सुटेनात, बाटली कशातच धरता येईना. लोकांची ओरड वाढली तेव्हा कंपनीनं १९९० मध्ये पुनर्वापर करता येईल अशी पेट प्लॅस्टिकची बाटली जाहीर केली. बाटली सुधारली. आता टोपणाची पाळी.

मिशिगन राज्यातल्या पॉल ब्राउन या छोट्या कारखानदारानं १९९१ मध्ये सिलिकॉनची एक झडप तयार केली, शंभराहून जास्त नमुने फसल्यावर. दाबलं की तिच्या पाकळ्या उघडतात, सोडलं की आपोआप मिटतात, थेंब गळत नाही. आधी ती शाम्पूच्या बाटलीला लागली. २००२ मध्ये डोक्यावर उभी राहणारी सॉसची बाटली आली ती याच झडपेच्या जोरावर. कल्पना झकास आहे, मला कौतुकच वाटतं. पण टोपण पॉलिप्रॉपिलिनचं आणि त्यात घट्ट बसलेली झडप सिलिकॉनची. कारखान्यात प्लॅस्टिकचा चुरा करून पाण्यात टाकतात, पेट बुडतं आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतं, त्यावरून दोन्ही वेगळी करतात. सिलिकॉन या दोघांच्या पंक्तीत बसत नाही. ते दोन्हीकडे नकोसं. नखाएवढ्या झडपेपायी सगळं टोपण बाद.

ती चूक निस्तरायला किती लागलं? कंपनीनं स्वतः सांगितलेले आकडे असे: आठ वर्षं, ४५ नमुने, १,८५,००० तास आणि सुमारे १२ लाख डॉलर. शेवटी झडपेसकट सगळं टोपण एकाच जातीच्या प्लॅस्टिकचं करण्यात यश आलं आणि २०२२ च्या सुमारास युरोपात ते बाजारात येऊ लागलं. आपल्या आज्यांच्या बरणीला जे मुळात जमलेलं होतं, म्हणजे भांडं आणि तोंड एकमेकांच्या आड न येणं, तिथे पोचायला इतका वळसा पडला.

जपानची गोष्ट यापेक्षा मजेशीर आहे. केंजी एक्वान हा हिरोशिमाकडचा तरुण. त्यानं किक्कोमान कंपनीसाठी सोया सॉसची टेबलावर ठेवायची काचेची बाटली आखली, शंभरावर नमुने करून, तीन वर्षं खपून. १९६१ मध्ये ती आली. तिचं लाल टोपण बघा कधीतरी. त्याच्या तोटीचं टोक आतल्या बाजूला तिरकं कापलं आहे, त्यामुळे ओतणं थांबवलं की शेवटचा थेंब बाहेर ओघळत नाही. ना झडप, ना स्प्रिंग. बाटली संपली की मोठ्या बाटलीतून पुन्हा भरायची. आणि सुरुवातीला सांगितलेली ती मासोळीही याच जपानची, ओसाकातली, १९५४ ची. एकाच देशात, एकाच सॉससाठी, सात वर्षांच्या अंतरानं एक वस्तू अशी निघाली की ती पिढ्यान् पिढ्या टेबलावर राहावी आणि दुसरी अशी की दहा मिनिटांत कचऱ्यात जावी. दोन्ही साऱ्या जगात पसरल्या.

आणि आपली पुडी? आपल्याकडे १९८० च्या दशकात शाम्पूच्या पुड्यांनी तिचा रस्ता रुळवला, मग लोणचं, सॉस, चटणी सगळं तिच्यात आलं. पुडीत बाहेरचा थर छपाईसाठी, मधला ॲल्युमिनियमचा थर हवा आणि उजेड अडवायला, आणि आतला पॉलिथिनचा थर कडा चिकटवायला. हा आतला थर गरम दाबानं वितळून स्वतःलाच चिकटतो, तेच तिचं झाकण. म्हणजे वेगळं झाकणच उरलं नाही. फाडली की संपली. फाडलेला कोपरा तर आणखी वेगळा कचरा.

पुडीला नुसत्या शिव्या देणं मला पटत नाही. ज्याच्या हातात रोजची मजुरी येते त्याला किलोची बाटली घेणं परवडत नाही, त्यानं एक-दोन रुपयांचं लोणचं घेतलं तर त्यात वावगं काय? प्रवासात, दवाखान्यात ती स्वच्छही असते. पण वीस-पंचवीस रुपयांची काचेची बाटली ठेवता येण्याजोग्या हॉटेलात, चांगल्या घरची माणसं गप्पा मारताना सहा पुड्या फाडून चार अर्ध्या टाकून उठतात, ते बघवत नाही.

याची किंमत कोण मोजतं तेही सांगायला हवं. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यात डॉ. बाबा आढावांचा पुढाकार होता. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नाव नीट वाचा. कागद, काच, पत्रा. ज्या तीन वस्तूंना भाव होता त्यांची ही यादी आहे. यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि या बायका घरोघरचा कचरा घेऊ लागल्या. पोत्यात बाटली पडली तर चार पैसे, पत्र्याचं झाकण पडलं तर थोडे, पेटची बरणी पडली तरी काही ना काही. सॉसच्या पुड्या मणभर गोळा केल्या तरी भंगारवाला हात लावत नाही. काचेतून पुडीत गेलेला प्रत्येक घास असा तिच्या मिळकतीतून वजा होतो. तेलकट, चिकट, हाताला घाण, आणि मोल शून्य.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत लिहिलं होतं की पुनर्वापर न होणारं बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं. गुटखा-तंबाखूच्या प्लॅस्टिक पुड्यांवर त्याच नियमांत बंदी होती. दोन वर्षं भरली आणि २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, तेवढंच बंद. आता जाळल्यावर उष्णता कशातून मिळत नाही हो? सिमेंटच्या भट्टीत पुडी जळतेच. म्हणजे पुडी पुन्हा सुटली. वर्गात मुलांना मी सांगत असे, तह वाचताना मुख्य कलम वाचू नका, 'किंवा' आणि 'परंतु' वाचा. २०२२ मध्ये उत्पादकांवर आपापलं प्लॅस्टिक गोळा करण्याची जबाबदारी टाकणारे नियम आले, त्यांत या थरांच्या वेष्टनांचा वेगळा वर्ग आहे. युरोपीय संघानं तर हॉटेलात बसून खाणाऱ्यांना सॉस, मुरंबा, साखर यांच्या एकेका माणसापुरत्या प्लॅस्टिक पुड्या देणं १ जानेवारी २०३० पासून बंद करायचं ठरवलं आहे. बांधून नेण्याच्या पदार्थांना आणि दवाखान्यांना त्यात सूट आहे, ती मला रास्त वाटते.

आमच्या ओळखीच्या बचत गटातल्या बायका हल्ली पेटच्या बरणीत लोणचं भरतात. फिरकीचं झाकण, त्याखाली चकचकीत पापुद्रा. पापुद्रा काढून टाकला की बरणी मोकळी. ही बरणी मी कोणाच्याही घरी फेकलेली पाहिलेली नाही. कुठे तिच्यात साबुदाणा असतो, कुठे सुपारी, कुठे शिवणाची बटणं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, "बाई, पूर्वी बरणीला फडकं बांधायचे त्याला काय म्हणायचे हो?" तिला तो शब्द वेष्टनावर छापायचा होता. मी दादरा सांगितला. कोकणात, विदर्भात, खानदेशात त्याला दुसरा काही शब्द असेल तर वाचकांनी जरूर कळवावा, तिची छपाई अजून व्हायची आहे.